सोलापुरात घडवून घेतलेले पाषाणी बाप्तिस्मा कुंड : कामाबद्दल अभिप्राय

सोलापूर शहरापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर असलेल्या आमच्या मूळ गावच्या चर्चसाठी आम्ही गेल्या वर्षी काळ्या पाषाणाचे बाप्तिस्मा कुंड, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाच्या बाप्तिस्मा विधीचे पाणी ठेवायचे दगडी पात्र, घडवून घेतले. काम शहराबाहेरच्या एका दगडकामाच्या कारखान्याकडे दिले होते. तेथे प्रामुख्याने देवळांच्या पायऱ्या, तुळशीवृंदावने, पाटे-वरवंटे आणि समाधीचे दगड घडवले जातात, आणि बाप्तिस्मा कुंड हे त्यांच्या हातून झालेले पहिलेच काम होते. कुंड बसवून आता सात महिने झाले असून या काळात त्यात चार बालकांचे बाप्तिस्मे झाले आहेत, त्यामुळे वापराच्या अनुभवावरून काही लिहिण्याइतका वेळ गेला आहे असे मला वाटते. आधीच सांगतो, की दगडाची पारख आणि नक्षीचे काम यांबाबतीत या कारखान्याची मी मनापासून शिफारस करीन. नळजोडणी आणि बसवणी यांबाबतीत मात्र गिऱ्हाइकाने स्वतः उभे राहून लक्ष घातल्याशिवाय हे काम त्यांच्यावर सोडू नये.

आमच्या चर्चमध्ये आजवर बाप्तिस्म्यासाठी एक पितळी कटोरा वापरला जात असे. तो टेबलावर ठेवला जाई, उपासना संपली की कपाटात जाई, आणि पुढच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी चिंचेने घासून पुन्हा बाहेर येई. त्यात वावगे काही नव्हते. परंतु काही वर्षांपूर्वी भाच्याकडे इंग्लंडला गेलो असताना त्याने मला नॉरफोक परगण्यातल्या बर्नहॅम डीपडेल या लहानशा गावातले सेंट मेरी चर्च दाखवले, आणि तेथे मी नॉर्मन काळातले, म्हणजे १०६६ नंतरच्या शतकाच्या आसपास घडवलेले चौकोनी दगडी कुंड पाहिले. त्याच्या तीन बाजूंवर बारा महिन्यांची बारा कामे कोरलेली आहेत आणि चौथ्या बाजूवर पाने-वेली आहेत. जानेवारीतला माणूस शिंगातून पेय पितो, फेब्रुवारीतला शेकोटीपुढे पाय शेकतो, मार्चमधला जमीन खणतो, जूनमधला खुरपणी करतो, ऑगस्टमधला पेंढी बांधतो आणि सप्टेंबरमधला मळणी करतो. चर्चमधल्या सर्वांत पवित्र पात्रावर संतांऐवजी खुरपे हातात घेतलेला शेतकरी पाहून मी बराच वेळ तेथे उभा राहिलो, कारण माझे आजोबा आणि वडील दोघेही हेच करत आले होते आणि त्यांचा बाप्तिस्माही शेतकऱ्यांच्याच मंडळीत झाला होता.

परत आल्यावर ही गोष्ट मी पाळकसाहेबांना सांगितली आणि तिथून हा विषय पंचकमिटीपुढे आला. कमिटीतल्या तरुण मंडळींनी मोबाइलवर शोधून इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कुंडांची छायाचित्रे गोळा केली. त्यांपैकी हेरफर्डशायरमधल्या अर्डिस्ली गावचे कुंड सर्वांना सर्वाधिक आवडले. ते ११५० च्या सुमाराचे असून त्यावर एकमेकांत गुंतलेल्या दोरांची खोल वीण, भाला आणि तलवार घेऊन लढणारे दोन योद्धे, एक मोठा सिंह आणि ख्रिस्त एका माणसाला हाताला धरून अधोलोकातून ओढून वर काढत असल्याचा देखावा आहे. ही सर्व छायाचित्रे घेऊन आम्ही कारखान्यात गेलो, आणि या कारखान्याबद्दल मला पहिल्यांदा विश्वास वाटला तो त्यांनी आम्हांला दिलेल्या नकारामुळे.

तेथल्या मुख्य मिस्त्रींनी अर्डिस्लीचे छायाचित्र मोठे करून पाहिले, अंगठ्याने पडद्यावरच्या दोरांच्या विणीवर रेघ ओढली आणि म्हणाले, "गुरुजी, हा मऊ दगड आहे, ह्यात छन्नी आत शिरते. आपल्या दगडात एवढं खोल शिरलो तर कडा सुटतील." त्यांना इंग्लंडची काहीही माहिती नव्हती, परंतु त्यांचे म्हणणे अचूक होते. अर्डिस्लीचे कुंड वालुकाश्मात घडवलेले आहे. आपला सोलापूरचा दगड म्हणजे दख्खनच्या पठारावरचा बेसॉल्ट. तो बारीक कणांचा, कठीण आणि टणक असतो आणि त्यातून कापसाच्या पेळूसारखी मऊ वळणे काढण्याचा हट्ट धरला तर तो ऐनवेळी टवका सोडतो. मग मी त्यांना दुसरे छायाचित्र दाखवले. हँपशायर परगण्यातल्या ईस्ट मीऑन गावच्या चर्चमधले कुंड बेल्जियममधल्या तूर्ने येथल्या काळ्या दगडाचे आहे. त्या दगडाला संगमरवर म्हणण्याची रीत असली तरी तो वास्तविक घासून चमकणारा काळा चुनखडक असून बाराव्या शतकात तिथली कुंडे जलमार्गाने समुद्रापलीकडे इंग्लंडात नेली जात. त्या कुंडावर आदाम आणि हव्वा यांची निर्मिती, त्यांचा मोह, एदेन बागेतून झालेली त्यांची हकालपट्टी आणि त्यानंतर आदाम जमीन खणायला व हव्वा सूत कातायला लागल्याचा देखावा आहे, आणि ही सगळी चित्रे उथळ उठावाची, सपाट पाठीची आहेत. मिस्त्रींनी हे छायाचित्र पाहताच मान डोलावली. काळा, कठीण दगड आणि कमी उठाव ही जोडी त्यांना लगेच पटली, कारण ते स्वतः रोज त्याच जोडीने काम करतात. नमुना निवडताना आधी दगड पाहायचा आणि मग चित्र, हा क्रम आम्ही त्या दिवशी त्यांच्याकडून शिकलो, आणि त्यामुळेच मांडणी बर्नहॅम डीपडेलची व उठाव ईस्ट मीऑनचा असा आमचा निर्णय झाला.

दगड निवडण्याचा दिवस हा या संपूर्ण व्यवहारातला सर्वांत समाधानाचा दिवस होता, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. कारखान्याच्या मागच्या अंगणात पाच-सहा ठोकळे पडलेले होते आणि मालकांनी त्यांतला सर्वांत मोठा व दिसायला सर्वांत काळाभोर असलेला ठोकळा आम्हांला देऊ केला. मिस्त्रींनी हातोडीने त्याच्या चारही बाजूंवर हलकेच ठोकले. तीन बाजूंवर तो खणखणीत वाजला. चौथ्या बाजूवर एका कोपऱ्याजवळ आवाज बद्द आला. मला तो फरक पहिल्यांदा कळलाही नाही, दुसऱ्यांदा ठोकल्यावर कळला. मग त्यांनी बादलीभर पाणी मागवून ठोकळा पूर्ण भिजवला आणि आम्हांला चहा पिऊन यायला सांगितले. परत आलो तेव्हा उन्हाने दगड बहुतेक वाळला होता, परंतु त्या बद्द कोपऱ्यातून केसाएवढी एक काळी ओली रेघ तिरपी खाली उतरलेली स्पष्ट दिसत होती, कारण चिरेत शिरलेले पाणी वरच्या पाण्याएवढ्या लवकर सुकत नाही. पाणी साठवायच्या भांड्याला अशी चीर म्हणजे आज ना उद्या गळती. तो ठोकळा बाजूला पडला. दुसऱ्यात बारीक बारीक पोकळ्या होत्या, काहींत पांढरे स्फटिक भरलेले. असा फोडाचा दगड पायरीला चालतो, पात्राला चालत नाही. तिसरा ठोकळा आकाराने थोडा लहान आणि रंगाने किंचित राखी होता, पण चारही बाजूंनी एकसारखा वाजला आणि वाळतानाही एकसारखा वाळला. मालकांचा कल मोठ्या ठोकळ्याकडे असताना मिस्त्रींनी त्यांच्यासमोर गिऱ्हाइकाला लहान ठोकळा घ्यायला सांगितले, हे मी मुद्दाम नोंदवतो.

कुंडाचा वरचा भाग दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि सव्वा फूट जाड आहे. आतली वाटी सोळा इंच व्यासाची असून मध्यभागी आठ इंच खोल आहे. एवढे पोकळ काढल्यावरही हा भाग एकटाच सुमारे पावणेचारशे किलो भरतो. खाली दोन फूट उंचीचा खांब आहे. या खांबाच्या आकारावरून कमिटीत थोडा वाद झाला होता, कारण काही जणांना संपूर्ण कुंडच अष्टकोनी हवे होते. युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धात अष्टकोनी कुंडे फार झाली, आणि त्यामागे सात दिवसांच्या सृष्टीनंतरचा आठवा दिवस, म्हणजे पुनरुत्थानाचा आणि नव्या जीवनाचा दिवस, असा अर्थ आहे. पूर्व इंग्लंडमधल्या पंधराव्या शतकातल्या सात संस्कारांच्या कुंडांवर सात बाजूंना सात संस्कार आणि आठव्या बाजूला येशूचा बाप्तिस्मा किंवा वधस्तंभ असा देखावा कोरलेला आढळतो. आम्ही वरचा भाग चौकोनी आणि खांब अष्टकोनी करून दोन्ही बाजू राखल्या, आणि बसवल्यावर ते चांगलेही दिसते.

बारा महिन्यांची कामे मात्र आम्ही इंग्लंडची घेतली नाहीत. आमच्या भागात रब्बीची ज्वारी हे मुख्य पीक, त्यामुळे वर्षाचे चक्रच वेगळे आहे. जानेवारीच्या चौकटीत हुरड्याची आगटी आणि तिच्यापुढे उकिडवा बसलेला माणूस आहे. बर्नहॅम डीपडेलच्या फेब्रुवारीतल्या पाय शेकणाऱ्या माणसाचा तो जणू चुलतभाऊच वाटतो. फेब्रुवारीत दोन्ही हातांनी ज्वारीचे ताट मुळासकट उपटणारा गडी, मार्चमध्ये सूप डोक्याच्या वर धरून उपणणारी बाई, मे महिन्यात नांगर, जुलैत मोकळ्या रानात बसवलेली मेंढरे, सप्टेंबरात तिफणीवर पेरणी, आणि डिसेंबरात माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार. प्रत्येक चौकट जेमतेम साडेपाच इंच रुंद आणि फूटभर उंच आहे. एवढ्या जागेत सप्टेंबरच्या पेरणीत बैलांची जोडी मावत नव्हती. मिस्त्रींनी एकच बैल पूर्ण काढून दुसऱ्याचे फक्त शिंग आणि वशिंड त्याच्या मागून डोकावते ठेवले, आणि पाहणाऱ्याला जोडी असल्याचे लगेच समजते. मला स्वतःला सर्वांत आवडते ती मार्चची उपणणारी बाई. तिच्या सुपातून पडणारे धान्य त्यांनी दाण्यांनी दाखवलेले नाही, तर छन्नीच्या टोकाचे बारीक ठोके एकाखाली एक मारून दाखवले आहे, आणि भुसकट ज्या बाजूला उडते त्या बाजूला तेच ठोके विरळ होत गेले आहेत. वारा कोणत्या दिशेचा आहे तेही त्या चौकटीत कळते. गेल्या सुगीच्या उपकारस्तुतीच्या उपासनेला गावातल्या एका आजींनी त्या चौकटीवर हात फिरवला आणि सूप असे धरले तर मनगट भरून येते, हात थोडा खाली हवा होता, असे सांगितले. मिस्त्रींना मी ते कळवले. त्यांनी ते मान्य केले.

एका ज्येष्ठ सभासदांनी चौकोनी आकार पाहून "ही तर गुरांची दोण वाटते" असा आक्षेप घेतला होता. त्यांचा हेतू चांगला होता, आणि आक्षेपात तथ्यही होते, कारण दगड कोरून पाणी साठवण्याची विद्या एकच आहे, मग ते उखळ असो, दोण असो की बाप्तिस्मा कुंड. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेनंतरच्या आणि विशेषतः सतराव्या शतकातल्या उलथापालथीत अनेक जुनी कुंडे चर्चबाहेर टाकली गेली, शेतकऱ्यांनी त्यांतून खरोखरच गुरांना पाणी पाजले, आणि पुढे ती ओळखून, धुऊन पुन्हा चर्चमध्ये आणून बसवण्यात आली. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी आक्षेप मागे घेतला.

आता दोषांकडे वळतो. पहिला दोष वाटीच्या आतल्या बाजूचा. मध्ययुगातल्या कुंडांना आतून शिशाचा पत्रा बसवण्याची पद्धत होती, कारण मऊ आणि सच्छिद्र दगड पाणी शोषून घेतो. आपल्या घट्ट बेसॉल्टला अस्तराची गरज नाही, आणि आज शिसे पाण्याच्या पात्रात घालूही नये. त्यामुळे वाटी आतून नुसती गुळगुळीत घासून द्यावी, तिला काहीही लावू नये, असे आम्ही स्पष्ट सांगितले होते. तरीही कारखान्यातल्या एका कारागिराने समाधीच्या दगडांना लावतात तसे मेणाचे पॉलिश वाटीलाही लावून टाकले. दिसायला ती आरशासारखी झाली होती. आम्ही कुंड उचलण्याआधी पाणी भरून पाहायचा आग्रह धरला, आणि पाच मिनिटांत पाण्यावर इंद्रधनुष्यी रंगांचा तवंग तरंगू लागला. ज्या पाण्याने तान्ह्या बाळाचे कपाळ भिजवायचे त्या पाण्यावर तवंग, हे कोणालाही चालण्यासारखे नव्हते. मालकांचे म्हणणे पडले की दोन-तीनदा धुतल्यावर तो निघून जाईल. मिस्त्रींनी मात्र वाद न घालता बारीक वाळू आणि पाणी घेऊन, नवे उखळ घरात आणल्यावर बायका घासतात त्याच पद्धतीने, दगडाच्या गोट्याने वाटी आतून दोन दिवस घासली, आणि मग चोवीस तास पाणी भरून ठेवून आम्हांला बोलावले. तवंग गेला होता, आणि खरे सांगायचे तर वाटीचा आताचा मंद, राखी पोत त्या चकचकीत पॉलिशपेक्षा कितीतरी शोभून दिसतो. कुंड मागवणाऱ्याने ही पाण्याची परीक्षा कारखान्यातच घ्यावी. माल घरी आल्यावर घेऊन उपयोग नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर होता. जुन्या कुंडांना तळाशी छिद्र असे आणि वापरलेले पाणी गटारात न जाता थेट चर्चखालच्या मातीत जिरत असे. आम्हांलाही तसेच हवे होते, म्हणून वाटीच्या तळातून खांबाच्या मध्यातून जाणारी नळी फरशीखालून बाहेरच्या मोगऱ्याच्या वाफ्यात सोडायचे ठरले होते. बसवणीच्या दिवशी वरचा भाग साखळीच्या कप्पीने उचलून खांबावर धरला तेव्हा लक्षात आले की दोन्ही छिद्रे अंगठ्याच्या रुंदीएवढी सरकलेली आहेत. वरचे छिद्र एका कारागिराने आणि खालचे दुसऱ्याने वेगवेगळ्या दिवशी पाडले होते, आणि दोघांनी मापे वेगवेगळ्या कडेपासून घेतली होती. मिस्त्री त्या दिवशी दुसऱ्या कामावर होते. बसवणीसाठी आलेल्या माणसांनी छिद्र सिमेंटने बुजवून टाकावे आणि पाणी मगाने काढावे असे सुचवले, आणि आम्ही होकार न देताच सिमेंट कालवायला घेतले. पाळकसाहेबांनी अतिशय शांतपणे, पण ठामपणे, काम थांबवले. पुढचे अकरा दिवस कुंडाचे दोन भाग चर्चच्या ओसरीवर गोणपाटाखाली पडून होते, मालक फोन उचलत नव्हते, आणि ज्या कुटुंबाने त्या रविवारी आपल्या मुलीचा बाप्तिस्मा ठरवून पुण्याहून नातेवाईक बोलावले होते त्यांच्यासाठी पुन्हा तो पितळी कटोरा काढावा लागला. त्या कुटुंबाची आम्ही क्षमा मागितली आहे. कारखान्याने अजून मागितलेली नाही. अखेर मिस्त्री स्वतः ड्रिलचे यंत्र घेऊन आले आणि त्यांनी खांबाचे छिद्र रुंद करून नळी तिरपी न जाता सरळ उतरेल असे काम अर्ध्या दिवसात करून दिले. तेव्हापासून एक थेंबही गळालेला नाही. तरी छिद्रांची जागा, त्यांचा व्यास आणि दोन्ही भाग कारखान्यातच एकमेकांवर ठेवून पाहण्याची अट लेखी करारात घालावी, असे मी प्रत्येकाला सांगेन.

वरच्या कडेवर "बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या" हे शुभवर्तमानातले वचन आहे. अक्षरे उठावाची करावीत अशी आमची इच्छा होती आणि सुरुवात तशीच झाली. परंतु उठावाच्या अक्षरांत 'कां'वरचा अनुस्वार म्हणजे दगडाचा वाटाण्याएवढा एक सुटा दाणा उभा ठेवावा लागतो, आणि तो दाणा दुसऱ्याच दिवशी उडाला. मिस्त्रींनी उडालेल्या जागी दाणा चिकटवला नाही. त्या जागी त्यांनी वाटोळा खळगा घेतला आणि मग संपूर्ण ओळच घासून पुन्हा खोदीव अक्षरांत काढली, कारण एकाच ओळीत दोन पद्धती त्यांना नको होत्या. या दुसऱ्या कामाचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. अक्षरांची शिरोरेषा सरळ आहे, ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक आहेत, आणि ओल्या हाताने पुसल्यावर खोबणीत पाणी राहून अक्षरे अधिक काळी उठून दिसतात.

खर्चाचे सांगायचे तर दगड, घडणावळ आणि बसवणी धरून एक लाख चाळीस हजार रुपये लागले, वाहतूक वेगळी. साडेतीन महिन्यांची मुदत होती, काम पूर्ण व्हायला पाच महिने लागले. हाताने केलेल्या बारा चौकटी पाहता ही रक्कम मला वाजवी वाटते. विलंबाबद्दल मात्र आधी कळवायला हवे होते. निगा सोपी आहे. फक्त बोअरचे क्षारयुक्त पाणी वाटीत साठू देऊ नये, कारण काळ्या दगडावर त्याची पांढरी कड लगेच धरते आणि ती काढायला ॲसिड वापरले तर घासून आणलेला पोत बिघडतो. आम्ही गाळलेले पाणी वापरतो आणि उपासनेनंतर वाटी कोरडी पुसून ठेवतो.

झाकण कारखान्याने केलेले नाही. ते गावातल्या सुताराने सागवानात केले. त्याचाही इतिहास आहे. मध्ययुगात आशीर्वाद दिलेले पाणी कुंडात बराच काळ भरलेले राहत असे आणि लोक ते जादूटोण्यासाठी चोरून नेत, म्हणून १२३६ साली कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना झाकण आणि कुलूप लावण्याची आज्ञा केली होती. कित्येक जुन्या कुंडांच्या कडेवर त्या कड्या-कोयंड्यांच्या खुणा अजून दिसतात. आमच्याकडे प्रत्येक वेळी ताजे पाणी घेतले जात असल्याने कुलपाची गरज नाही, त्यामुळे दगडाला कोयंड्यासाठी भोके पाडू दिली नाहीत. झाकण नुसते वर ठेवलेले असते आणि एक माणूस ते सहज उचलतो.

शेवटची गोष्ट कुंडाच्या चौथ्या बाजूची. ही बाजू भिंतीकडे येते, म्हणून तिच्यावर नक्षी न करता टाकीचे घाव तसेच ठेवले आहेत. इंग्लंडच्या उत्तरेकडे कंब्रिया परगण्यातल्या ब्राइडकर्क गावच्या बाराव्या शतकातल्या कुंडावर रूनी या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत, त्या काळच्या इंग्रजीत, रिकार्थ नावाच्या माणसाने मला घडवले आणि या शोभेला आणले अशा अर्थाची ओळ आहे, आणि शेजारीच हातोडा-छन्नी घेऊन काम करणारा एक माणूस कोरलेला आहे. हे छायाचित्र मी मिस्त्रींना दाखवले आणि त्यांनी आपले नाव चौथ्या बाजूवर घालावे असे सुचवले. त्यांनी नकार दिला. देवाच्या भांड्यावर माणसाचे नाव शोभत नाही, आणि शिवाय आपण तुमच्या धर्माचे नाही, असे ते म्हणाले. मग एका रविवारी मी त्यांना दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर असलेल्या हत्तरसंग कुडलला घेऊन गेलो. तेथे शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि जो हा लेख वाचील तो विजयी होईल अशा अर्थाची त्याची शेवटची ओळ आहे. त्यांनी बोटाने ती अक्षरे गिरवली नाहीत, फक्त वाकून त्यांच्या कडा पाहिल्या आणि हे टोकदार छन्नीचे काम आहे एवढे सांगितले. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी विचारले की नाव घातले तर ते किती मोठे हवे.

ते नाव आता चौथ्या बाजूवर खालच्या कडेला, टाकीच्या घावांमध्ये, अर्ध्या इंचाच्या अक्षरांत आहे. भिंत आणि कुंड यांच्यामध्ये दीड फुटाची जागा आहे. तिथे विजेरी घेऊन वाकले की ते वाचता येते.